पथविक्रीच्या नियमांचा फेरविचार : सोलापुरात नव्यानं गाडा लावणाऱ्यांनी आणि रस्त्यावर कला मांडणाऱ्यांनी काय करावं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जमिनीच्या जाहीर नोटिसांच्या शेजारी, बारीक टायपात चार ओळी येतात : पथविक्री आराखडा किंवा फेरीवाला क्षेत्रांच्या यादीबाबत हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत, मुदत अमुक दिवस. शहरात नव्यानं गाडा लावणाऱ्यासाठी वर्षभरात याहून मोठी बातमी नसते. पण दिवसभर गाड्यावर उभा असलेला माणूस पेपरचं ते पान उघडत नाही. त्याला कळतं तेव्हा मुदत उलटलेली असते, आणि आपली जागा ‘ना-फेरीवाला क्षेत्रात’, म्हणजे विक्रीला मनाई असलेल्या भागात, गेल्याचं अतिक्रमणची गाडी आल्यावरच समजतं. हे टाळता येतं. त्यासाठी संघटनेत मोठं पद लागत नाही की ओळखीचा नगरसेवक लागत नाही. लागतो मोजपट्टीचा एक टेप, एक वही आणि साधारण दोन आठवड्यांची चिकाटी.

आधी कायद्याचा पाया समजून घ्या, म्हणजे कुणाकडे काय मागायचं ते कळेल. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम २०१४ हा केंद्राचा कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे. रस्त्यावर विकणं हा घटनेनं दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, फक्त त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सोदन सिंग खटल्यात सांगितलं होतं. २०१४ च्या कायद्यानं त्या हक्काला यंत्रणा दिली. महापालिकेनं पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, पाच वर्षांतून एकदा पथविक्री आराखडा करायचा आणि हे सगळं नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्यानं करायचं. म्हणजे फेरविचार ही साहेबांच्या मनात आली म्हणून होणारी गोष्ट नाही, तो कायद्यानं ठरवलेला फेरा आहे. या समितीचे अध्यक्ष आयुक्त असतात. सदस्यांत किमान ४० टक्के विक्रेते हवेत, तेही विक्रेत्यांनीच निवडून दिलेले, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला.

एक कलम तर तोंडपाठच असू द्या. कलम ३(३) : सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्या विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता किंवा हलवता येत नाही. त्याच्या जोडीला पहिल्या अनुसूचीतली चार वाक्यं. सर्वेक्षणात आढळलेला जुना बाजार किंवा नैसर्गिक बाजार ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. नुसती गर्दी हे तसं जाहीर करण्याचं कारण होऊ शकत नाही. अस्वच्छता हे कारण द्यायचं तर ती केवळ विक्रेत्यांमुळेच आहे आणि महापालिकेच्या नेहमीच्या कामानं दूर होण्यासारखी नाही, हे दिसलं पाहिजे. आणि सर्वेक्षण व आराखडा झाल्याशिवाय कुठलंच क्षेत्र बंद ठरवता येत नाही. हरकतीत वापरायची खरी हत्यारं हीच.

‘नैसर्गिक बाजार’ म्हणजे जिथं विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं आपसूक जमत आले ती जागा. मंगळवारचा बाजार कुणी नकाशावर आखून बसवला नाही, आणि लक्ष्मी मार्केटच्या भोवतीच्या पाट्याही नाहीत. जुन्या बाजाराचा पुरावा मात्र जुना लागतो, आणि तो गोळा करायला वेळ लागतो. म्हणून जाहिरात यायची वाट पाहू नका.

पहिलं काम : जागा मोजा

अर्जात ‘पार्क चौकाजवळ’ असं लिहिलं की तो अर्ज कुठल्याच जागेचा राहत नाही. पत्ता असा लिहा : ‘पार्क चौकाकडून डफरीन चौकाकडे जाताना डाव्या हाताला, तिसऱ्या विजेच्या खांबापासून चार मीटर पुढे, फुटपाथला लागून रस्त्यावर.’ खांबावर रंगवलेला क्रमांक असेल तर तोही लिहा. दुकानाची पाटी बदलते, झाड पडतं, खांब सहसा जागेवर असतो. खांब आणि गाडा एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा आणि फोनमध्ये ठिकाण व तारीख उमटण्याची सोय चालू ठेवा.

मग टेप काढा. नवे लोक गाड्याचा पाटा मोजून थांबतात. सहा फूट बाय चार फूट, झालं. प्रत्यक्षात गाडा इतकाच नसतो. उन्हासाठी बांधलेलं कापड पुढे दीड-दोन फूट येतं, मागे सिलिंडर आणि पाण्याची टाकी, बाजूला बाकडं, आणि समोर उभं राहून खाणारी माणसं. रस्ता अडतो तो गिऱ्हाइकांनी, आणि तक्रार होते तीही त्याचीच. म्हणून दोन मापं लिहा : गाड्याचं, आणि गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकांसकट लागणाऱ्या जागेचं. संध्याकाळी भजी-पावच्या गाड्याला गिऱ्हाइकांसकट दहा फूट बाय नऊ फूट जागा लागत असेल तर तेवढीच लिहा. कमी दाखवलंत तर पाहणीच्या दिवशी खोटं ठराल, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहणार नाही.

तिसरं माप चालणाऱ्याचं. पादचाऱ्यांच्या सोयींसाठीच्या भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथवर किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळी वाट धरली आहे, आणि डोक्यावर २.२ मीटर. तुमचा गाडा लागल्यावर इतकी वाट उरते का ते मोजा. उरत असेल तर ते हरकतीचं पहिलं वाक्य करा. उरत नसेल तर गाडा किती सरकवला की उरेल तेही मोजा आणि तसं सुचवा. कापडाची कड २.२ मीटरच्या खाली लोंबत असेल तर आजच वर बांधा. शहरातली बहुतेक भांडणं असल्या वीतभर गोष्टींवरून होतात.

शेवटी गर्दी मोजा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पंधरा-पंधरा मिनिटं. वहीत दोन रकाने : पायी गेलेले आणि तुमच्यापाशी थांबलेले. तीन दिवस केलंत तरी पुरे. ‘आमच्यामुळे अडचण होत नाही’ या वाक्यापेक्षा हा आकडा जड असतो. साहेबांच्या हातातही बहुधा असा आकडा नसतो.

कागद : कुठला कशाला चालतो

खूप गोंधळ इथंच होतो. प्रत्येक पावती म्हणजे परवाना, अशी समजूत असते. तसं नाही. भुईभाड्याची पावती हा तुम्ही त्या दिवशी तिथं होतात याचा पुरावा, विक्रीचा परवाना नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी हा खाद्यपदार्थ विकण्याबाबतचा कागद, त्यानं जागा मिळत नाही. पीएम स्वनिधी ही कर्जाची योजना. ती जून २०२० मध्ये सुरू झाली, आणि २०२५ च्या फेररचनेनंतर पहिलं कर्ज १५ हजार, दुसरं २५ हजार, तिसरं ५० हजार रुपयांपर्यंतचं आहे. तिच्यासाठी महापालिकेकडून मिळणारं शिफारसपत्र म्हणजे विक्री प्रमाणपत्र नव्हे. पण हे सगळे कागद एकत्र ठेवले तर तुम्ही खरोखर पथविक्रेते आहात, अमुक वर्षापासून आहात, हे सिद्ध होतं.

दंडाच्या पावत्या फाडून टाकू नका. रागाच्या भरात लोक त्या गटारात फेकतात. अतिक्रमण विभागानं चार वर्षांपूर्वी तुमच्याकडून त्याच चौकात दंड घेतला, तर तुम्ही चार वर्षांपूर्वी त्याच चौकात होतात हे महापालिकेनंच लिहून दिलेलं असतं. दुसरा इतका भक्कम पुरावा सापडणं अवघड.

सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात गाड्यावर. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही. ‘साहेबांना दाखवून आणतो’ म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नाही.

अर्जावर नाव कुणाचं घालायचं हेही आधी ठरवा. गाड्यावर दिवसभर बाई बसते आणि कागद नवऱ्याच्या नावानं, असं फार दिसतं. प्रमाणपत्र घेताना हमी द्यावी लागते : धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचं माणूस करील, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, प्रमाणपत्र भाड्यानं किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीनं कुणाला देणार नाही. जी बसते तिचंच नाव लावा. प्रमाणपत्र देताना महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अपंग आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य द्यायचं असंही कायदा सांगतो.

सर्वेक्षणात सुटू नका

ज्याचं नाव सर्वेक्षणात नाही त्याची जागा आराखड्यात नाही. नावं सुटतात त्याची कारणं ठरलेली आहेत. पथक सकाळी अकराला येतं आणि तुमचा गाडा संध्याकाळी पाचला लागतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर जातं, दुपारी बारा ते चार अर्धा बाजार आडोशाला गेलेला असतो, आणि पथकाला रिकामा फुटपाथ दिसतो. डोक्यावर पाटी घेऊन गल्ल्यांत फिरणारी बाई तर कुठल्याच चौकात ‘आढळत’ नाही. त्यामुळे सर्वेक्षणाची तारीख जाहीर झाली की लेखी मागणी करा : आमच्या पट्ट्यात संध्याकाळची फेरी घ्या, आणि फिरत्या विक्रेत्यांसाठी नोंदणीचं एक ठिकाण व वेळ ठरवून द्या. कायद्यात एका जागी बसणारे, फिरते आणि इतर असे वेगळे प्रवर्ग आहेत. फिरत्या विक्रेत्यानं स्वतःला ‘फिरता’ म्हणूनच लिहून घ्यावं. जागा मिळेल या आशेनं ‘स्थिर’ लिहून घेतलं आणि पडताळणीच्या दिवशी त्या जागी नसलात, तर दोन्हीकडून जाल.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ, आणि कन्नड तर गावभर. फॉर्म मराठीत असतो. अंगठा किंवा सही करण्याआधी भरलेला फॉर्म घरातल्या शिकलेल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या. नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळतं का, मालाचा प्रकार आणि वेळ बरोबर आहे का, एवढं पाहाच. ‘फळे’ लिहिलं गेलं आणि तुम्ही उन्हाळ्यात फळं, थंडीत हुरडा आणि शेंगा विकत असाल, तर ‘हंगामी फळे व शेतमाल’ असं दुरुस्त करून घ्या.

क्षमता कशी मोजतात

विक्रेत्यांच्या संख्येला कायद्यानं प्रमाण घातलं आहे : प्रभागाच्या, क्षेत्राच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्के. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. तिच्या अडीच टक्के म्हणजे सुमारे २३,७८९. म्हणून ‘शहरात जागाच नाही’ असं कुणी म्हणालं तर कागदावर ते लगेच पटण्यासारखं नाही. अडचण शहरभराची नसते, ती नवी पेठेसारख्या एखाद्या पट्ट्याची असते. तिथं शब्द येतो ‘धारण क्षमता’, म्हणजे त्या पट्ट्यात जास्तीत जास्त किती विक्रेते मावतात. मागणाऱ्यांची संख्या त्याहून जास्त झाली की चिठ्ठ्या टाकतात आणि उरलेल्यांना शेजारच्या क्षेत्रात जागा द्यायची असते.

ही क्षमता तुम्ही स्वतः काढून दाखवा. समजा पट्टा ६० मीटरचा आहे. दोन फाटकं आणि कोपऱ्याची वळणं सोडली की १० मीटर गेले, उरले ५०. गाड्याची लांबी १.८ मीटर, दोन गाड्यांमध्ये ०.७ मीटर, म्हणजे एका गाड्याला अडीच मीटर. वीस गाडे मावतात. आता यातली मोठी सोय : वेळेची वाटणी. सकाळी सहा ते अकरा भाजीवाले, संध्याकाळी पाच ते दहा खाण्याचे गाडे. त्याच पन्नास मीटरवर वीसऐवजी चाळीस घरं चालतात. वेळेची वाटणी कायद्याला मान्य आहे. अट एवढीच की आपली वेळ संपली की माल आणि कचरा उचलून जागा रोज मोकळी करायची. अकराच्या भाजीवाल्यानं साडेबारापर्यंत पाटी पसरून ठेवली तर योजना आठवड्यात मोडते. हे आपसात ठरवून, दोन्ही पाळ्यांच्या सह्या घेऊन, एकच प्रस्ताव म्हणून द्या. भांडत आलेल्या दोन गटांपेक्षा एकत्र आलेला असा कागद समितीला नाकारणं जड जातं.

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस सूचनेत वेगळे लिहा. जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते रिकामे करावे लागतात, त्याला कुणाची ना नसते. पण त्या दिवसांपुरती पर्यायी जागा कुठली, हे आराखड्यातच नोंदवलेलं असावं अशी मागणी करा. होम मैदानावरचा यात्रेतला स्टॉल हा वेगळा विषय आहे. तो तात्पुरता असतो आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते.

आणि रेल्वेची हद्द. स्टेशनसमोर गाडा लावणाऱ्यानं आधी पाहावं की आपली चाकं कुठल्या जमिनीवर आहेत. रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला २०१४ चा कायदा लागूच होत नाही. तिथं महापालिकेचं प्रमाणपत्र दाखवून उपयोग नसतो. चार पावलं इकडे सरकलं की लागू होतो.

हरकत कशी लिहावी

एका पानात. संघटनेनं छापलेल्या एकसारख्या दोनशे झेरॉक्स दिल्या तर कार्यालयात त्या ‘समान आशयाच्या’ म्हणून एकच मुद्दा धरून निकाली निघू शकतात. तुमची जागा, तुमचं माप, तुमची मागणी असलेलं हातानं लिहिलेलं एक पानही त्याहून वरचढ ठरतं. नमुना असा :

‘प्रति, मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका. विषय : पथविक्री आराखड्याच्या मसुद्यावरील हरकत व सूचना. संदर्भ : दिनांक अमुकची जाहीर सूचना. महोदय, मी वरील पत्त्यावर राहतो व अमुक ठिकाणी (खांब, दिशा, बाजू) सन अमुकपासून फळे विकतो. मसुद्यात हा रस्ता ना-फेरीवाला क्षेत्र दाखवला आहे. कारण गर्दी असे दिले आहे. अधिनियम २०१४ च्या पहिल्या अनुसूचीनुसार केवळ गर्दी हे कारण होऊ शकत नाही. माझा गाडा लागल्यावर फुटपाथवर २.१ मीटर वाट मोकळी राहते. माप व फोटो सोबत जोडले आहेत. सूचना : हा पट्टा निर्बंधित विक्री क्षेत्र करावा, विक्रीची वेळ सायंकाळी ५ ते १० ठेवावी, गाडे एकाच बाजूला असावेत. मला प्रत्यक्ष सुनावणीस बोलवावे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. ते लिहिलेलं असलं म्हणजे पुढे ‘सुनावणी मागितलीच नव्हती’ असं उत्तर मिळत नाही.

‘आमच्यावर अन्याय होत आहे, गरिबाचा विचार व्हावा’ एवढंच लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याच्या काळजाला भिडेलही, पण त्यावर तो आदेश काय लिहिणार? क्षेत्र तीन प्रकारचं असतं : निर्बंधमुक्त, निर्बंधित आणि ना-फेरीवाला. मधल्यात वेळ, माल, संख्या, बाजू अशा अटी घालता येतात. सगळं खुलं करा म्हणण्यापेक्षा अटींसह मधलं मागा. मिळण्याची शक्यता तिथं जास्त.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक विभागात एक द्या, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, नोंद नंतर करतो’ म्हणाले तर हात जोडून पण ठामपणे थांबा. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच धरतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी रांग असते आणि वेळ संपली म्हणून खिडकी बंद होते.

मसुद्याचा नकाशा पाहायला मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे. ‘सर्व माहिती द्या’ असं मागू नका. मागायचं ते नेमकं : अमुक प्रभागातील सर्वेक्षण यादी, नगर पथविक्रेता समितीच्या गेल्या तीन बैठकांची इतिवृत्तं, अमुक रस्ता ना-फेरीवाला ठरवण्याच्या शिफारशीची प्रत. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून हा अर्ज आधी करायचा, हरकतीच्या मुदतीत नव्हे.

कलाकारांनी काय पाहावं

पोतराज, डोंबारी, बहुरूपी, वासुदेव, ढोलकी किंवा गिटार घेऊन उभी राहणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांना एकच अडचण आहे. विक्रेत्याला निदान स्वतःचा कायदा आहे, कलाकाराला तसा नाही. २०१४ च्या कायद्यात ‘पथविक्रेता’ या व्याख्येत लोकांना सेवा देणाराही येतो. या शब्दाला धरून कलाकारांचा समावेश मागता येतो, पण कलाकाराचं नाव तिथं स्पष्ट लिहिलेलं नाही. उलट १९५९ च्या भीकप्रतिबंधक कायद्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा निमित्तानं सार्वजनिक ठिकाणी पैसे घेणंही ओढलं आहे. दिल्लीत त्या शहराला लागू असलेल्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा लागू आहे. पिढ्यान्‌पिढ्या आसूड ओढत, दोरीवर चालत पोट भरणाऱ्याला भिकाऱ्याच्या रांगेत बसवणारं हे वाक्य बदलायलाच हवं. ते बदलेपर्यंत शहराच्या नियमांत कलेला वेगळं नाव आणि वेगळी जागा मिळवणं हाच जवळचा मार्ग. म्हणून फेरविचाराच्या वेळी कलाकारांनी विक्रेत्यांच्या मागे उभं न राहता स्वतंत्र अर्ज द्यावा.

अर्जात काय मागायचं? ‘सादरीकरणाच्या जागा’ म्हणून तीन-चार ठिकाणं, नावानिशी. ठिकाण निवडताना रिंगण मोजा. बारा फूट व्यासाच्या रिंगणाभोवती एका ओळीत साधारण पंचवीस माणसं उभी राहतात, दोन ओळी धरल्या की पन्नासेक, आणि सगळं मिळून अठरा-वीस फुटांचं वर्तुळ होतं. एवढं वर्तुळ नवी पेठेतल्या फुटपाथवर बसत नाही, बागेच्या कडेला किंवा मैदानाच्या तोंडाशी बसतं. डोंबाऱ्याच्या खेळाला बांबूच्या दोन कैच्या आणि ताणाचे खुंट लागतात. पेव्हर ब्लॉक उखडून खुंट ठोकला की सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार होते. खुंटाऐवजी वाळूच्या पोत्यांचा किंवा काँक्रीटच्या वजनाचा ताण घेणार असं अर्जातच लिहा. मात्र खेळाआधी तो ताण भरपूर ओढून तपासा, पोतं सरकलं तर माणूस पडतो. वेळ पाऊण-पाऊण तासाची, आणि एका जागी दिवसात किती पाळ्या, तेही तुम्हीच सुचवा.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर बंद. दिवसा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, शांतता क्षेत्रात ५०. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास म्हणूनच कुणी वाद्य काढू नये, आणि आत रुग्ण आहेत हे लक्षात ठेवून परवानगी मागूही नये. छोटा बॅटरीचा स्पीकरही ध्वनिक्षेपकच असतो, ‘लहान आहे’ हे उत्तर चालत नाही. विनास्पीकर ढोलकीला ती परवानगी लागत नसली तरी रस्त्यावर वाद्य वाजवण्याचं नियमन करण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली पोलीस आयुक्तांना आहेत. म्हणून हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जमावबंदीचा आदेश असलेल्या दिवसांत खेळ मांडू नका, रिंगण हाच जमाव ठरतो.

साप, माकड, अस्वल यांचे खेळ कायद्यानं बंद आहेत. त्याबद्दल सवलत मागून अर्ज वाया घालवू नका. आणि शाळेच्या वेळेत लेकराला दोरीवर चढवू नका. यात नियमाच्या आधी लेकराचा विचार आहे. कला शिकवायची तर संध्याकाळी, घरच्या अंगणात, खाली गादी टाकून शिकवता येते.

गाडी आलीच तर

फेरविचार चालू असतानाही कारवाई होते. तेव्हा अंगावर जाऊ नका, गाड्याला लोंबकळू नका, व्हिडिओ काढायला शेजाऱ्याला सांगा. तुम्ही कागद विचारा. जागेवरून हटवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते. महापालिका अधिनियमातल्या कलम २३१ खाली विनानोटीस उचलता येतं असं उत्तर मिळेल. २०१४ चा कायदा विसंगत असलेल्या इतर कायद्यांच्या वरचढ आहे हे त्याच कायद्याचं कलम ३३ सांगतं, आणि प्रमाणपत्राच्या अटी पाळणाऱ्याला पोलिसांसह कुणीही रोखू शकत नाही हे कलम २७. हे शांतपणे सांगा, आणि त्यानंतर लेखीच भांडा.

माल उचलला तर यादी घेतल्याशिवाय हलू नका. यादीत ‘किरकोळ साहित्य’ असं लिहून सही मागतात. सही करू नका. एकेक वस्तू लिहायला लावा : इलेक्ट्रॉनिक वजनकाटा एक, ३० किलो क्षमतेचा, प्लास्टिक क्रेट चार, निळे, पेरू अंदाजे १८ किलो, छत्री एक, चाकं शाबूत असलेला लोखंडी गाडा एक. ‘चाकं शाबूत’ हे शब्द यासाठी, की गोदामातून परत येताना अनेकदा एक चाक वाकलेलं असतं. यादीवर अधिकाऱ्याची सही आणि प्रत तुमच्या हातात, हा तुमचा हक्क आहे. तुम्ही मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत परत मिळायला हवा. पैसे भरलेत तर पावती घ्या. पावती नसलेला पैसा दंड नसतो.

प्रमाणपत्र स्थगित किंवा रद्द करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते नाकारलं, स्थगित केलं किंवा रद्द केलं तर महापालिकेकडे अपील करता येतं. बाकीच्या तक्रारींसाठी कायद्यात वेगळी तक्रार निवारण समिती आहे. तिचा अध्यक्ष दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेला असावा लागतो. अपील घरच्या माणसाकडून नाही, कायद्याची मदत देणाऱ्याकडून लिहून घ्या. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना ती मोफत मिळते.

आराखडा अंतिम झाला की

काम संपलं म्हणून घरी बसू नका. अंतिम नकाशा मिळवून आपला खांब शोधा. रस्त्याची बाजू बरोबर आहे का पाहा. डावी-उजवी उलटली तर तुमचा पट्टा कागदोपत्री समोरच्या दुकानांच्या दारात जातो आणि पहिल्याच दिवशी वाद सुरू होतो. पट्ट्याची लांबी टेपनं पुन्हा मोजा. प्रमाणपत्रावरचं नाव, मालाचा प्रकार, वेळ आणि क्षेत्राचं नाव हे नकाशाशी ताडून पाहा, फरक दिसला तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या, दोन प्रतींत, शिक्क्यासह. प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ती तारीख पंचांगावर लाल शाईनं लिहा आणि दोन महिने आधीच्या पानावरही एक खूण करा, कारण नूतनीकरणाचे कागद गोळा करायला तेवढा वेळ लागतोच.